माणूस पोचतो, त्याचं नाव पोचत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय इबोलाबद्दल. रोग आफ्रिकेतला, आणि बेळगावात बसून त्याच्यावर कशाला बोलायचं असं कुणालाही वाटेल. मी हा विषय घेतला तो नकाशामुळं. पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया हे तीन देश एका ठिकाणी भिडतात. गेकेडू हे गाव गिनीत, काइलाहुन सिएरा लिओनमध्ये आणि फोया लायबेरियात. या तिन्ही ठिकाणी किस्सी नावाचा एकच समाज राहतो. बोली एक, चालीरीती एक, लेकी एकीकडं दिलेल्या आणि सुना दुसरीकडून आणलेल्या. बाजाराचा दिवस असला की बायका डोक्यावर पाट्या घेऊन देश ओलांडतात आणि संध्याकाळी परत येतात. गिनीचा सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालतो, बाकी दोघांचा इंग्रजीत. निपाणी, खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा जिथं भिडतात त्या पट्ट्यातल्या माणसाला हे चित्र आणखी समजावून सांगायला नको.

डिसेंबर २०१३ मध्ये गेकेडूजवळच्या मेलियांदू नावाच्या खेड्यात दोनेक वर्षांचं एक पोर तापानं गेलं. मग त्याची बहीण, आई, आजी. आजीच्या मयताला आलेली माणसं आपापल्या गावी परतली आणि तिथं आजारी पडली. तीन महिने कुणाला पत्ता नव्हता. कुणी म्हणालं पटकी, कुणी म्हणालं लासा ताप. इबोला १९७६ पासून माहीत होता, पण तो मध्य आफ्रिकेतला रोग. पश्चिमेकडं तो येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मार्च २०१४ मध्ये नमुने विमानानं फ्रान्सला गेले, तेव्हा नाव कळलं. २३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, तोवर गिनीच्या कागदावर ४९ रुग्ण आणि २९ मृत्यू होते.

आता इथं जरा थांबतो, कारण पुढचं सगळं इथंच ठरलं. इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम यांचा स्पर्श झाला तरच लागतो, आणि रुग्णाला लक्षणं दिसू लागेपर्यंत तो दुसऱ्याला देत नाही. म्हणजे रोग भयंकर, पण पकडायला सोपा. रुग्ण कोण, त्याला कुणी कुणी हात लावला, त्यांची यादी करायची आणि त्या प्रत्येकाकडं २१ दिवस रोज जाऊन ताप बघायचा. बस्स. यादीतलं एक नाव सुटलं की तिथून नवी साखळी सुरू. आणि नावं सुटत होती ती सीमेवर. गेकेडूच्या यादीतला माणूस नदी ओलांडून मावशीकडं गेला की गिनीच्या वहीत ‘सापडला नाही’ एवढीच नोंद व्हायची. पलीकडच्या आरोग्य खात्याला तो आलाय हे कळायचंच नाही. एप्रिलमध्ये गिनीतले आकडे उतरले, लोकांना वाटलं संपलं. प्रत्यक्षात रोग सीमेपलीकडं नुसता शांतपणे मुरत होता.

मे महिन्यात काइलाहुन जिल्ह्यात एक वैदू बाई वारली. तिची कीर्ती मोठी, गिनीतले रुग्णसुद्धा तिच्याकडं औषधाला यायचे, आणि त्यांच्याकडूनच तिला लागण झाली होती. तिच्या मयताला बायकांनी प्रेताला अंघोळ घातली, शेवटचा हात फिरवला. आपल्याकडंही हेच करतात. त्या एका अंत्यविधीतून सिएरा लिओनमधली साथ भडकली.

जगाचं काय चाललं होतं? ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था जूनमध्ये ओरडून सांगत होती की साथ हाताबाहेर गेलीय. जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला. आणि त्याआधी काय घडलं ते बघा. २० जुलैला लायबेरियाचा एक आजारी माणूस विमानानं नायजेरियात लागोसला उतरला. दोन कोटींच्या घरातलं शहर. डॉ. अमेयो अदादेवोह यांनी त्याला दवाखान्यातून सोडायला नकार दिला, वरून दबाव आला तरी. ऑगस्टमध्ये त्या स्वतः इबोलानं गेल्या. नायजेरियानं पोलिओच्या मोहिमेसाठी उभं केलेलं पथक लगेच संपर्कातल्या माणसांच्या मागं लावलं. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त. जग जागं झालं ते मात्र रोगानं विमान पकडल्यावर. खेड्यात मरणारी माणसं आधीपासून मरत होतीच.

सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव केला. अमेरिकेनं लायबेरियात तीन हजार सैनिक पाठवायची घोषणा केली, इंग्लंडनं सिएरा लिओनमध्ये, फ्रान्सनं गिनीत मदत पाठवली. पाहिलंत, कोण कुठं गेलं ते? इंग्लंड आणि फ्रान्स आपापल्या जुन्या वसाहतीत, अमेरिका आपल्या जुन्या नात्याच्या देशात. क्यूबासारख्या छोट्या देशानं १६५ डॉक्टर-परिचारकांची तुकडी सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाऊनला उतरवली. बाकीच्यांचा भर पैसे, सामान आणि सैनिकांवर असताना यांनी उपचार करणारी माणसं दिली, हे विसरू नये. भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या निधीला १ कोटी डॉलर दिले. लायबेरियात त्या वेळी आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांची तुकडी शांतिसेनेत होती, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अमेरिकेच्या सैनिकांनी उपचार केंद्रं बांधली, पण ती तयार होईपर्यंत साथ उतरायला लागली होती. काही केंद्रांत एकही इबोला रुग्ण आला नाही. नुसते रिकामे तंबू! मग लायबेरियातली साथ उतरली कशानं? माझ्या मते त्याचं मोठं श्रेय मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या लोकांना आहे. त्यांनी स्वतः घरं वाटून घेतली, कोण आजारी, कोण नवीन आलंय, ते लिहून ठेवलं. आणि मयताचा प्रश्न सोडवला. आधी सरकारनं राजधानी मोनरोव्हियात सक्तीनं दहन सुरू केलं होतं. तिथं दहनाची रीत नाही, म्हणून लोक प्रेतं लपवू लागले, रात्री चोरून पुरू लागले. मग जागतिक आरोग्य संघटनेनं मानववंशशास्त्रज्ञ, मौलवी, पाद्री यांना बोलावून नवी पद्धत ठरवली. हात लावायचा नाही, पण घरच्यांनी लांबून बघायचं, प्रार्थना म्हणायची, कफन कुठलं ते निवडायचं. शहराबाहेर दफनासाठी जमीन घेतली. प्रेतं लपवणं कमी झालं. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या वेळी घरात घुसून केलेल्या तपासणीचा शेवट कसा झाला ते आपण शाळेत शिकलोय. जवळजवळ एकशेवीस वर्षांनी जगातले मोठमोठे तज्ज्ञ तोच धडा पहिल्यापासून गिरवत होते.

सीमांचं काय झालं? लायबेरियानं जुलैअखेर बहुतेक नाके बंद केले. १ ऑगस्टला तिन्ही देशांच्या प्रमुखांनी गिनीत बसून ठरवलं की तो किस्सी लोकांचा त्रिकोणच सैनिक लावून वेगळा काढायचा. आत धान्य महागलं, बाजार बुडाले. माणसं मात्र जंगलातल्या पायवाटांनी जातच राहिली, आता फक्त लपून. लपून आलेला माणूस ताप आल्यावर दवाखान्यात कशाला जाईल?

निपाणीजवळचा, महाराष्ट्रातून कर्नाटकात येतानाचा कोगनोळीचा नाका तुम्हाला आठवतोय. कोरोनात महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय आत घेत नव्हते. हमरस्त्यावर गाड्यांची रांग, आणि शेतातल्या पाणंदीतून दुचाक्या चाललेल्या. पोलिसांना दोष देत नाही, त्यांना हुकूम होता. पण पाणंदीतून आलेल्याचं नाव कुठल्या वहीत लागलं? हां, सीमाप्रश्नाबद्दल मी काही बोलत नाहीये. तो ज्याचा त्यानं आपापल्या मनात ठेवावा. मी फक्त वहीबद्दल बोलतोय.

शेवटी २८,६०० च्या वर रुग्ण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. त्यात पाचशेहून अधिक डॉक्टर, नर्स, आरोग्य कर्मचारी.

एक गोष्ट चांगली झाली. कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेत इबोलाची एक लस कित्येक वर्षं पडून होती, कारण गरीब देशांच्या रोगाला गिऱ्हाईक नव्हतं. २०१५ मध्ये गिनीत तिची चाचणी झाली, ती वेगळ्या रीतीनं. गंजीला आग लागली की भोवतालचं गवत आधी काढतात ना, तसं रुग्णाच्या भोवतालच्या माणसांना आणि त्यांच्याही भोवतालच्यांना टोचायचं. लस लागू पडली. पण बघा, इथंही आधी यादी लागते. यादी नसेल तर टोचणार कुणाला?

आता दुसरी सीमा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये काँगोच्या पूर्वेला, उत्तर किवू प्रांतात इबोला आला. आपल्याकडच्या फौजी घरांना तिथलं गोमा हे नाव नवीन नसेल, भारतीय शांतिसैनिक तिथं बरीच वर्षं आहेत. तिथं बंदूकधारी टोळ्या, दवाखान्यांवर हल्ले, आणि साथ जवळजवळ दोन वर्षं चालली, २,२८७ माणसं गेली. शेजारी युगांडा. जून २०१९ मध्ये काय झालं ऐका. काँगोतली एक बाई युगांडात दिलेली. वडील आजारी म्हणून माहेरी गेली. वडील इबोलानं वारले. मयत आटोपून ती आई, पोरं, नातेवाईक असा लवाजमा घेऊन परत निघाली. काँगोच्या नाक्यावर काहींना ताप निघाला म्हणून त्यांना वेगळं ठेवलं, तिथून काही जण निसटले आणि पायवाटेनं युगांडात शिरले. म्हणजे मेलियांदूचीच गोष्ट पुन्हा.

पण या वेळी काँगोच्या अधिकाऱ्यांनी पलीकडं कळवलं. युगांडानं सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या चार हजारांवर आरोग्य कर्मचाऱ्यांना आधीच लस टोचून ठेवली होती. पाच वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला आणि त्याचा आजार ओळखला गेला. तो गेला, त्याचा धाकटा भाऊ आणि आजीही गेली. त्या कुटुंबाबाहेर युगांडात कुणालाही लागण झाली नाही. सीमा बंद केली नव्हती. त्या नाक्यावरून रोज हजारो माणसं येत-जात होती, हात धुऊन, ताप तपासून. युगांडाला इबोलाचा जुना अनुभव होता, लसही होती, त्यामुळं सगळं श्रेय एका निरोपाला देणं बरोबर नाही. तरी तो निरोप गेला नसता तर काय झालं असतं, हे गेकेडूला विचारा.

आता आपला मुलूख. आपल्याकडं इबोला नाही, माकडताप आहे. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, मग माणसं तापानं पडली. तेव्हा जगभर धसका बसला होता की आफ्रिकेतला पीतज्वर आशियात आला की काय. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या देशी-विदेशी शास्त्रज्ञांनी तो निराळा विषाणू असल्याचं दाखवलं. गोचिडीतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही. बरीच वर्षं तो तिकडंच राहिला. मग सह्याद्रीच्या रांगेनं सरकत २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. त्याच २०१६ मध्ये गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेले आपल्या बेळगाव जिल्ह्यातले मजूर घरी येऊन तापानं पडले, आणि तपासणीत माकडताप निघाला. गोचीड चावली गोव्यात, ताप चढला कर्नाटकात, आणि रक्त तपासलं महाराष्ट्रात, पुण्याला.

त्यात आपल्या पट्ट्याची तऱ्हा अशी की आजारी माणूस आपल्या राज्यात थांबतच नाही. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो, दोडामार्गचा गोव्यात बांबोळीला जातो, निपाणी-चिकोडीचा कोल्हापूर नाहीतर मिरजेला. जवळचा दवाखाना तोच, दुसरं करणार काय? पण रुग्णाची नोंद एका राज्यात आणि रोगाचं ठिकाण दुसऱ्या राज्यात, असं होत राहतं. तीन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांना फोन करायला करार-ठराव लागत नाही. मे २०२५ मध्ये जिनिव्हात जगातल्या देशांनी महामारी करार मंजूर केला, छान झालं. आपलं खानापूर आणि गोव्यातलं वाळपई यांच्यातला फोन मात्र तिथून कुणी लावणार नाही.

तोवर आपल्या हातातलं सांगतो. काजूचा हंगाम आला की आपली माणसं गोव्यात, दोडामार्गात जातात. जंगलात, बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रात गोचिडीसाठी लावायचं तेल मिळत असेल तर ते मागून घ्या, परत आल्यावर गरम पाण्यानं साबण लावून अंघोळ करा आणि अंगावर गोचीड आहे का बघा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आशाताईंना किंवा वनरक्षकाला सांगा, मग ते माकड कुठल्या का राज्यात पडलेलं असेना. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, डोळे लाल होणं असं झालं तर मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, की मी अमुक गावात, अमुक बागेत कामाला होतो, बरोबर हे हे होते. आणि कामाला निघतानाच बागेच्या मालकाचा फोन नंबर कागदावर लिहून घरी ठेवून जा, डॉक्टरांना तो लागेल.

नमस्कार.