कॅरमल घसरतंय? आधी सफरचंदाकडे बघा!

नमस्कार मंडळी! बागेत जाऊन सफरचंदं तोडली, त्या व्हिडिओखाली अजूनही एकच प्रश्न येतोय. ‘ताई, ते काडीवरचं कॅरमल ॲपल घरी कसं करायचं?’ इकडे न्यू जर्सीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुठल्याही बागेत जा, सफरचंदाच्या रसातल्या डोनटच्या शेजारी ही काडी खुपसून मऊ कॅरमलमध्ये बुडवलेली सफरचंदं मांडलेली असतातच, आणि मुलं तिथून हलत नाहीत. हॅलोविन तोंडावर आलंय, म्हणून आज करूनच दाखवते.

कॅरमलचं पटकन सांगते, कारण ते सोपं आहे. सहा लहान सफरचंदांना दोनशे ग्रॅम साखर, अर्धा कप कॉर्न सिरप, एक कप हेवी क्रीम, साठ ग्रॅम बटर आणि दोन चिमूट मीठ. भारतात कॉर्न सिरपऐवजी लिक्विड ग्लुकोज घ्या, केकचं सामान मिळतं त्या दुकानात असतं. ते वगळू नका, त्याच्यामुळेच साखर परत दाणेदार होत नाही. क्रीम २५ टक्के फॅटवालं असलं तरी चालतं, थोडं जास्त वेळ आटवावं लागतं इतकंच. सगळं जाड बुडाच्या, उंच पातेल्यात एकत्र करा. उंच का, तर ते फसफसून वर येतं. मध्यम आचेवर ढवळत राहा, ११८ अंश सेल्सिअस झालं की गॅस बंद.

थर्मामीटर नाही? आपल्याकडे पाक बघायला कधी लागला होता थर्मामीटर? वाटीत गार पाणी घ्या, त्यात थेंब टाका. बोटांनी वळून मऊ पण आकार धरणारी गोळी झाली पाहिजे. गोळीबंद पाक. चिक्कीसारखा टण्णकन वाजला तर पुढे गेलात, त्याचं ते लाल, कडक कँडी ॲपल होतं. तो वेगळा पदार्थ. १९०८ मध्ये इथल्याच न्यूअर्क शहरात विल्यम कोल्ब नावाच्या मिठाईवाल्याने तो पहिल्यांदा केला असं सांगतात. आजचा आपला पदार्थ मऊ, चघळायचा आहे.

आणि थर्मामीटर असेल तर आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. पुण्यात पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. मग ११८ नाही, ११६ ला थांबायचं.

आता मुख्य मुद्दा. मला येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक अशा असतात: ‘कॅरमल खाली ओघळलं’, ‘तळाशी थारोळं झालं’, ‘वरून सफरचंद उघडं पडलं’. आणि प्रत्येक जण कॅरमलला दोष देतो! एका मैत्रिणीने क्रीम बदललं, बटर कमी केलं, शेवटी वेगळी रेसिपीच घेतली. तरी घसरतंय. मी म्हटलं, सफरचंदं दाखव. तर ती अशी चकचकीत, की त्यात तोंड दिसावं. अगं, मेण आहे ते!

(सफरचंद कॅमेऱ्यासमोर धरत) हे बघा. झाडावरच्या सफरचंदालाही स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. दुकानातल्याला धुतल्यावर वरून आणखी एक थर दिलेला असतो, कार्नोबा मेणाचा, म्हणजे एका ताडाच्या पानांवरच्या मेणाचा, नाहीतर शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा. त्यावर कॅरमल धरणार कसं? म्हणून एका पातेल्यात पाणी खळखळून उकळा, सफरचंद झाऱ्यावर घेऊन आठ-दहा सेकंद बुडवा, बाहेर काढा आणि लगेच जाडसर टॉवेलने चोळून पुसा. हलक्या हाताने नाही, चोळून. साल निस्तेज दिसायला लागली की झालं. जास्त वेळ ठेवू नका, साल शिजते.

मेण गेलं का, हे कसं ओळखायचं? पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा गोल उभा राहिला तर मेण अजून आहे, परत बुडवा. पसरला तर काम झालं.

इथे थोडं थांबते, कारण दर वेळी कोणीतरी लिहितंच, ‘ताई, ते मेण विषारी असतं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय, चाकूने खरवडून दाखवलंय.’ कृपा करून असे व्हिडिओ पुढे पाठवू नका. ही मेणं खाण्यायोग्य आहेत, भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांतही फळांसाठी मधमाशांचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांना परवानगी आहे. आपण मेण काढतोय ते भीतीने नाही, कॅरमल चिकटावं म्हणून. लोकांना फळं खायची भीती घालणं मला अजिबात पटत नाही.

मेण काढलं, तरी घसरलं? मग सफरचंद फ्रिजमधून काढून लगेच वापरलंय. बाहेरची दमट हवा लागली की गार सालीवर दव धरतं आणि कॅरमल त्या पाण्यावरून सरकतं. आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा. देठाचा खळगा आठवणीने पुसा, तिथे पाणी लपून बसतं. काडी खुपसल्यावर भोकातून रस येतो, तोही टिपून घ्या. कुल्फीची जाड काडी चालते. मेण नको, पाणी नको, रस नको. साल कोरडी ठणठणीत पाहिजे!

सफरचंद आंबट आणि करकरीत घ्या. ग्रॅनी स्मिथ, म्हणजे ते हिरवं आंबट सफरचंद, सगळ्यात छान. कॅरमल इतकं गोड असतं, की आत गोड सफरचंद असलं तर दोन घासांत कंटाळा येतो. आणि लहान घ्या. मोठं सफरचंद काडीवर पेलत नाही.

बुडवायची घाई नको. उकळतं कॅरमल पातळ असतं, तेही ओघळतं. ९०-९५ अंशांवर आलं, पळीवरून जाड धारेने पडायला लागलं, की सफरचंद तिरकं धरून फिरवा, वर उचला, जास्तीचं निथळू द्या, तळ पातेल्याच्या काठावर निपटा. मग बटर लावलेल्या बटर पेपरवर ठेवा. शेंगदाण्याचं कूट लावायचं तर मिनिटभराने. या वेळी मुलांना पातेल्यापासून लांब ठेवा. हे कॅरमल अजूनही जवळपास उकळत्या पाण्याइतकं तापलेलं असतं आणि कातडीला चिकटून बसतं.

एका काकांनी विचारलंय, ‘आठवडाभर ओट्यावर राहील का?’ नाही काका, अजिबात नाही. २०१४ च्या शेवटी इथे अमेरिकेत पाकीटबंद कॅरमल ॲपलमधून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला. बारा राज्यांत ३५ जण आजारी पडले, त्यातल्या ३४ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, काही दगावलेही. नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं, तर काडी खुपसल्यामुळे रस बाहेर येतो, साल आणि कॅरमलच्या मध्ये साचतो आणि तिथे जंतू वाढतात. बाहेरच्या तापमानाला भराभर, फ्रिजमध्ये सावकाश. म्हणून लगेच खाणार नसाल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. घरात कोणी गरोदर असेल, तर बाहेर मांडून ठेवलेली विकत आणूच नका.

फ्रिजमधून काढल्यावर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर दात आणि कॅरमल दोघांनाही त्रास. आजी-आजोबांना काडीवर देऊ नका, काडी काढा, फोडी करा, बशीत द्या. ग्लुकोजऐवजी गूळ किंवा मध चालेल का, असं विचारणाऱ्यांसाठी पुढचा व्हिडिओ करते. तोपर्यंत ज्यांचं घसरलंय त्यांनी तो पाण्याच्या थेंबाचा प्रयोग करून काय दिसलं ते खाली लिहा.