साउथवेलची दगडी पानं

नमस्कार श्रोतेहो!

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये बाजारपेठेचं एक लहानसं गाव आहे. त्याचं नाव उच्चारायचं कसं, यावरून जुना वाद आहे. गावकरी म्हणतात साउथवेल, बाहेरचे म्हणतात सदल. आपण गावकऱ्यांचंच ऐकू.

एवढ्याशा गावात भलंमोठं कॅथीड्रल आहे, म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च. हा मान मिळाला १८८४ मध्ये, पण इमारत नॉर्मन काळातली. काम सुरू झालं ११०८ च्या सुमारास. पुढच्या दोन बुरुजांवर टोकदार टोप्या आहेत. लोक त्यांना चक्क मिरपुडीच्या डब्या म्हणतात!

पण माझं मन अडकतं ते आतल्या अष्टकोनी सभागृहात. चर्चचा कारभार पाहणारे धर्मगुरू इथे बसत. वर दगडी छत, आणि मधे एकही खांब नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस पाथरवटांनी इथे दगडात पानं कोरली. देवादिकांची नव्हेत, कुंपणाकडेची: ओक, हॉथॉर्न, आयव्ही, द्राक्षवेल. पानामागचा दगडसुद्धा पोखरून काढलाय, त्यामुळे पान भिंतीपासून सुटून वाऱ्यावर हलेल असं वाटतं. मधेच पानांतून एखादा चेहरा डोकावतो. कोरणाऱ्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

पुढे आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली, मठ बंद पाडले. जवळच्या न्यूस्टेड मठातल्या साधूंनी म्हणे आपला पितळी गरुड तळ्यात टाकला. पंख पसरलेला हा गरुड, त्याच्या पाठीवर बायबल ठेवून वाचायचं. दोनेकशे वर्षांनी तो गाळातून वर आला आणि १८०५ मध्ये साउथवेलला पोहोचला. आजही तिथेच आहे.

आणि आता सफरचंद. १८०९ मध्ये याच गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया पेरल्या. त्यातून आंबट, शिजवून खायच्या सफरचंदाचं झाड उभं राहिलं. पुढे ते घर, बाग, झाड सगळं ब्रॅम्ली नावाच्या खाटकाकडे गेलं. कलमं विकायला परवानगी देताना त्याने एकच अट घातली: फळाला नाव माझं हवं. झालं! पेरलं पोरीने, नाव खाटकाचं. आज इंग्लंडच्या घराघरांतल्या ॲपल पायमध्ये ब्रॅम्लीच असतं.

कॅथीड्रलमध्ये या सफरचंदाची रंगीत काचेची खिडकीही आहे. तिथे गेलात तर आधी ती पाहा, मग सभागृहात जाऊन पानं.