शहादा कोणत्या जिल्ह्यात?

शहादा कोणत्या जिल्ह्यात? नंदुरबार. पण १९९७ सालच्या दाखल्यावर धुळे लिहिलेलं आहे, आणि आजोबांच्या वेळच्या दस्तावर पश्चिम खान्देश. तिन्ही कागद खरे. संगणकाच्या साध्या तक्त्यात मात्र जिल्ह्याला रकाना एकच. नवं नाव भरलं की जुनं गेलं.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या रॉबर्ट कोवाल्स्की आणि मारेक सर्गॉट यांनी १९८६ मध्ये यावर तर्कशास्त्रातून तोड काढली. नाव इव्हेंट कॅल्क्युलस. स्थिती नव्हे, घटना नोंदवायची. १ जुलै १९९८, नंदुरबार जिल्हा झाला. या घटनेनं 'शहादा धुळ्यात' हे संपलं, 'शहादा नंदुरबारात' हे सुरू झालं. सुरू झालेली गोष्ट, ती संपवणारी घटना सापडेपर्यंत, चालू धरायची. मग २००५ साली जिल्हा कोणता, हे कुणी वेगळं लिहायला नको. ते अनुमानानं निघतं.

आता तलाठ्याच्या दप्तरात येऊ. समजा, इथला एक पपईवाला शेतकरी मार्चमध्ये वारला. वारसांचा फेरफार मंजूर झाला दिवाळीनंतर. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर त्याच्या नावाला कंस झाला. ऑगस्टमध्ये जमीन कुणाची होती? वारसांची. ऑगस्टमध्ये सातबारा काय सांगत होता? मयताचं नाव. एक काळ घडण्याचा, दुसरा नोंदीचा. दोन्ही जपले तरच ऑगस्टचा उतारा पाहून निर्णय घेणारा सोसायटीचा सचिव खोटा ठरत नाही.

उशिरा आलेली नोंद या पद्धतीला चालते. घटना कोणत्याही क्रमानं भरा, तारखेवरून ती आपल्या जागी बसते. पण मग आधी काढलेला निष्कर्ष मागे घ्यावा लागतो. शाळेतल्या भूमितीत सिद्ध झालेलं प्रमेय नव्या माहितीनं रद्द होत नाही, इथे होतं. कारण 'नोंद नाही, म्हणजे घडलं नाही' हे इथलं गृहीतक. सोयीचं आहे, पण ज्या गावात नोंदी सहा-सहा महिने रखडतात, तिथे मला ते जरा धाडसाचंच वाटतं.

संगणकातल्या तक्त्यांशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या २०११ च्या मानकानं दोन्ही काळांना जागा दिली. रकाने आहेत, ते भरायचे कुठून? फेरफाराला नोंदीची तारीख असतेच. मृत्यूची तारीख मात्र बहुधा मजकुराच्या ओघात येते, 'अमुक रोजी मयत'. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतून ती कुणाला तरी वाचून, वेचून वेगळी काढावी लागते.