चार तारखेचे गहू, चोवीस तारखेचं ताट

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीसाठी किंवा शिकायला फ्रान्समध्ये गेलेल्या मराठी माणसाचा पहिला डिसेंबर बहुधा फसतो, आणि दोष थंडीचा नसतो. पाचच्या आत अंधार, रस्त्यांवर दिव्यांच्या माळा. सुट्टी लागली की बघू, म्हणता म्हणता चोवीस तारीख उजाडते. दुपारनंतर दुकानं भराभर बंद होतात, ऑर्डर दिली नसेल तर बेकरीतून हात हलवत परत यावं लागतं, आणि पंचवीसला सगळं शहर कुलूपबंद. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी चकलीची भाजणी भाजायला घेतली तर जे होईल, तेच इथे होतं. फ्रेंच नाताळ हा आधी करून ठेवण्याचा सण आहे.

बाजारापासून सुरुवात करू. नाताळबाजार बऱ्याच शहरांत भरतात, पण त्यांचं माहेर म्हणजे जर्मनीला लागून असलेला आल्सास प्रांत. स्ट्रासबर्गचा बाजार १५७० पासूनचा. जवळच्या सेलेस्ता गावाच्या हिशेबवहीत १५२१ साली, नाताळसाठीच्या झाडांवर पहारा ठेवणाऱ्या वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. म्हणजे झाडं चोरीला जायची! पॅरिसहून वेगवान गाडीने स्ट्रासबर्ग पावणेदोन तासांवर आहे. शनिवारी मात्र जाऊ नका. कॅथेड्रलभोवती पाऊल टाकायला जागा नसते. मंगळवारी किंवा बुधवारी साडेतीनच्या सुमारास पोहोचलात तर उजेडात वस्तू नीट पाहून होतात आणि दिवेही बघायला मिळतात. पुलांवर पिशव्या तपासतात, तेव्हा मोठी बॅग हॉटेलातच ठेवा. शहरात खोली मिळाली नाही, तर अर्ध्या तासावरच्या कोल्मारमध्ये राहून लोकल गाडीने येता येतं.

शाकाहारी मंडळींनी टपरीवर दोन शब्द नीट लक्षात ठेवावेत. पहिला ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. पातळ पोळीवर साय आणि कांदा पसरून भाजलेल्या तार्त फ्लांबेवर ते असतातच, आणि बटाटा-चीजच्या तार्तिफ्लेतमध्येही. ‘सां लार्दों’ म्हटलं की तार्त त्यांच्याशिवाय करून मिळते; तार्तिफ्लेत कढईत आधीच शिजलेली असते, तिथे विचारण्यात अर्थ नाही. दुसरा शब्द ‘जेलातीन’, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं, पदार्थ घट्ट करणारं जिलेटिन. मऊ गिमोव्ह मिठाईत आणि मूसच्या केकमध्ये ते असतं. भाजलेले चेस्टनट आणि सफरचंदाचा गरम रस निर्धास्त घ्या. किसलेल्या बटाट्याच्या गालेत्त थालीपिठाच्या जातीच्या, पण त्यांत अंडं असतं.

गरम वाइन, म्हणजे व्हँ शो, ज्या पेल्यात देतात त्याचे एक-दोन युरो अनामत घेतात. पेला परत केला की पैसे परत. घरी करायची तर पाऊण लिटरच्या साध्या लाल वाइनच्या बाटलीला ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर, दालचिनीच्या दोन कांड्या, एक चक्रफूल, तीन लवंगा आणि एका संत्र्याची साल लागते. सालीचा पांढरा भाग काढून टाका, कडवटपणा त्याचाच. भांडं मंद आचेवर वीस मिनिटं ठेवायचं, वाफ दिसू द्यायची, पण उकळी येऊ द्यायची नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. चहासारखी खळखळ उकळली की उरतो तो मसाल्याचा काढा. आणि आपला हात गोड्या मसाल्याला सरावलेला असतो, म्हणून सांगतो, तीन म्हणजे तीनच लवंगा.

आता ब्रेडेले. आल्सासच्या घराघरांत डिसेंबरभर ही छोटी बिस्किटं होतात आणि पत्र्याच्या डब्यांतून शेजारीपाजारी जातात. त्यातलं आनिसब्रेडेले पाहायला अगदी सोपं आणि करताना हमखास चकवणारं. तीन अंडी आणि अडीचशे ग्रॅम साखर पंधरा-वीस मिनिटं फेटायची. मिश्रण फिकट, घट्ट व्हायला हवं, यंत्राचं पातं उचललं की त्याची फीत पडायला हवी. त्यात अडीचशे ग्रॅम मैदा आणि एक मोठा चमचा आनिस. आनिस म्हणजे आपली बडीशेप नव्हे. दाणा लहान, वास अधिक गोड. बडीशेप घातली तर बिस्किट बिघडणार नाही, पण ते आनिसब्रेडेले राहणार नाही. लोणी लावून मैदा भुरभुरलेल्या ट्रेवर चमच्याने छोटे ठिपके घाला आणि ट्रे रात्रभर उघडा ठेवा. सकाळी ठिपक्यावर हलकं बोट टेकवून बघा: वर कागदासारखी कोरडी पापडी आलेली असली पाहिजे. मग १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं. पापडीमुळे बिस्किट वरून फाटत नाही, खालून उचललं जातं आणि त्याला ‘पाय’ फुटतो. वर पांढरी टोपी, खाली पिवळसर कडं. त्याच स्वयंपाकघरात भाताचा कुकर लावला असेल तर दमट हवेत पापडी धरत नाही, आणि पायही फुटत नाही. घाईने लगेच भाजली तर बिस्किटं नुसती पसरतात.

चोवीसच्या रात्रीच्या जेवणाला रेव्हेयाँ म्हणतात. त्यात ऑयस्टरचा मान मोठा. कोकणातल्या श्रोत्यांना कालवं नवी नाहीत, पण आपण ती शिजवतो, तिथे जिवंत आणि कच्ची खातात. आकार आकड्यांवरून ओळखायचा, आणि तो उलटा चालतो: शून्य नंबर सगळ्यात मोठा, पाच सगळ्यात लहान. तीन नंबर घ्या, माणशी सहा. घरी आणल्यावर पाण्यात बुडवू नका, गोड्या पाण्यात ती मरतात. खोलगट शिंपलं खाली ठेवून, वर वजन देऊन, पाच ते दहा अंशांत ठेवा. उघडं असलेलं आणि टिचकी मारूनही न मिटणारं कालव सरळ टाकून द्यायचं. गरोदर बायकांनी कच्ची कालवं खाऊ नयेत.

उघडण्यासाठी आखूड पात्याची, मुठीला आडवी कड असलेली खास सुरी मिळते. तीच घ्या, भाजीच्या सुरीने दर नाताळात तळहात कापले जातात. डाव्या हातात चार घड्यांचं फडकं, त्यात कालव, सपाट बाजू वर, टोकदार बिजागरी मनगटाकडे. उजव्या कडेला, बिजागरीपासून दोन तृतीयांश अंतरावर, पातं थोडं डोलवत आत सरकवा. जोर नको. तिथेच शिंपलं मिटून धरणारा स्नायू असतो. तो वरच्या शिंपल्याला घासून कापला की झाकण सुटतं. पहिलं पाणी ओतून टाका. दहा-पंधरा मिनिटांत कालव पुन्हा पाणी सोडतं, आणि चव त्या दुसऱ्या पाण्याची. सोबत राय पाव, खारं लोणी, लिंबू.

फ्वा ग्राबद्दल थोडक्यात. बदकाला किंवा हंसाला नळीने बळजबरीने चारून वाढवलेलं हे यकृत. खावं की न खावं, यावर फ्रेंच घरांतही वाद होतात. भारतात त्याच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, तेव्हा भेट म्हणून डबा आणू नका.

पुढे शापों, म्हणजे खच्ची करून पोसलेला कोंबडा, मग चीज, मग ओंडक्याच्या आकाराचा ब्यूश केक. शापों आणि ब्यूश दोन्ही पंधरा तारखेपर्यंत सांगून ठेवायचे. लोण्याच्या क्रीमचा ब्यूश मागितला तर जेलातीन बहुधा टळतं, तरी विचारा. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर आमंत्रण स्वीकारतानाच ‘नी व्हियांद, नी प्वासों’ सांगा: मांस नाही, मासाही नाही. नुसतं ‘व्हेजेतारियँ’ म्हटलं तर ताटात सामन मासा येण्याची शक्यता दांडगी. आणि ठरल्या वेळेवर दारात उभं राहू नका. दहा-पंधरा मिनिटं उशीर तिथे शिष्टाचार मानतात. हे एक आपल्याला शिकावं लागत नाही.

सगळ्यात जवळचा वाटेल तो दक्षिणेतल्या प्रोव्हाँसचा नाताळ. चार डिसेंबरला, संत बार्बच्या दिवशी, तीन बश्यांत ओल्या कापसावर गहू पेरतात. आपल्या घटाची आठवण येणारच, फक्त माती नाही. गहू रात्रभर भिजवा, कापूस ओलसर ठेवा. पाणी साचलं तर बुरशी धरते. चोवीसला हिरव्या जुडीला लाल फीत बांधून ती टेबलावर मांडतात. त्या रात्रीच्या मोठ्या जेवणात मांस नसतं, पण कॉड मासा असतो. नंतर तेरा गोड पदार्थ, येशू आणि त्याच्या बारा शिष्यांच्या नावाने. सुके अंजीर, बदाम, मनुका, अक्रोड, खजूर, आणि नूगा ही मध-बदामाची मिठाई, पांढरी आणि काळी. पांढऱ्यात अंड्याचा बलक नसतो, पण पांढरं असतं. काळा नुसत्या मधाचा आणि बदामाचा, आपल्या चिक्कीचा सख्खा भाऊ. मधोमध ऑलिव्ह तेल आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेली पाँप ही गोड रोटी. तिला सुरी लावायची नाही, हाताने तोडायची. आणि जेवणं झाली तरी टेबल आवरायचं नाही. तेराही पदार्थ सत्तावीस तारखेपर्यंत तिथेच राहतात, येता-जाता ज्याला हवं त्याने उचलावं.