कुपीवरचा नंबर

लस बनवणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे लगेच लसविरोधी ठरवून गप्प बसवतात. मला ते मुळीच पटत नाही. धडधाकट, हसत्याखेळत्या बाळाला आपण सुई टोचू देतो, तेव्हा त्या कुपीत काय आहे हे विचारायचा आईबापांना पूर्ण हक्क आहे. आणि ‘कंपनी मोठी आहे हो’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

१९५५ साली काय घडलं ते थोडं सविस्तर सांगतो. १२ एप्रिलला अमेरिकेत जाहीर झालं की जोनास साल्क यांची पोलिओची लस गुणकारी आहे. त्याच दिवशी, काही तासांत, कंपन्यांना परवाने मिळाले. या लसीत विषाणू फॉर्मल्डिहाइड या रसायनानं मारलेला असतो. कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीज या कंपनीच्या काही बॅचमध्ये (बॅच म्हणजे एका वेळी एकत्र बनवलेला साठा) मात्र तो पुरता मेलाच नव्हता. गाळणी नीट झाली नव्हती, विषाणू ज्या पेशींवर वाढवतात त्यांच्या गाळात ते दडून राहिले आणि फॉर्मल्डिहाइड त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य स्वरूपाचा पोलिओ झाला, सुमारे २०० जणांचे हातपाय लुळे पडले, १० जण दगावले. ज्या दंडात सुई टोचली तोच हात आधी लुळा पडत होता. त्यामुळे संशय थेट लसीवर गेला आणि २७ एप्रिलला कटरची लस बाजारातून मागे घेण्यात आली.

मला जास्त अस्वस्थ करतं ते याच्या आधीचं. बर्निस एडी या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे तपासणीला आलेली लस टोचल्यावर माकडांना लकवा झाला होता आणि त्यांनी ते वरिष्ठांना कळवलंही होतं. तरी परवाने निघाले. खुद्द कंपनीलाही आपल्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू सापडले होते. त्या बॅच तिनं टाकून दिल्या, पण कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं बंधन नव्हतं. आता विचार करा, बॅचमागून बॅच नापास होत असेल तर दोष पद्धतीतच आहे, आणि पास झालेल्या बॅचवर तरी भरवसा कसा ठेवायचा? टाकून दिलेल्या बॅचची नोंद कुणी मागितली असती, तर पुढचं टळलं असतं असं मला ठामपणे वाटतं. पुढे कोर्टात ज्यूरीनं म्हटलं की कंपनीनं हयगय केली नाही, तरीही भरपाई मात्र द्यायला लावली. म्हणजे माणसं वाईट असावी लागत नाहीत. तपासणी ढिली असली तरी पुरे.

त्यानंतर नियम कडक झाले. आज अनेक देशांत प्रत्येक बॅचचे कागद, आणि बरेचदा नमुनेही, सरकारी यंत्रणेकडे जातात. तिची मंजुरी मिळेपर्यंत माल कारखान्याबाहेर विकायला जात नाही. माझा विश्वास आहे तो या दुसऱ्या, विक्रीतून ज्याला एक पैसाही मिळत नाही अशा डोळ्यांवर. पण कागदही खोटे लिहिता येतात. २०१८ साली चीनमधल्या चांगशेंग कंपनीनं रेबीजच्या लसीच्या उत्पादनाच्या नोंदी बनावट केल्याचं उघड झालं. तिला जबर दंड झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे लसींसाठी स्वतंत्र कायदा आला. न कळवता कारखान्यात जाऊन पाहणारा निरीक्षक म्हणूनच हवा.

नकली लस ही आणखी वेगळी गोष्ट, तिथे मूळ कंपनीचा दोष नसतो. २०१६ साली इंडोनेशियात अशी टोळी पकडली गेली, जी वर्षानुवर्षं बाळांसाठीच्या नकली लसी विकत होती. वापरलेल्या कुप्या पुन्हा भरल्या की लेबल अस्सल आणि आतला माल खोटा. म्हणून रिकामी कुपी नुसती कचऱ्यात टाकायची नसते, ती नियमानुसार नष्ट करायची असते.

आणि अस्सल लसही वाटेत बिघडते. अनेक कुप्यांवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. थंडीनं झालेलं नुकसान मात्र हे चिन्ह दाखवत नाही. धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या लसी गोठल्या की निकामी होतात. शंका असेल तर ती कुपी आणि त्याच बॅचची मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी, अशा दोन्ही हलवून शेजारी ठेवतात. संशयित कुपीतला साकाही गोठवलेल्या कुपीइतक्याच झपाट्यानं खाली बसला, तर ती बाद.

टोचण्याआधी कुपी बघायला मागा. नाव, मुदत आणि ते चिन्ह पाहा. बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या, कारण उद्या एखादी बॅच मागे घेतली गेली, तर तुमच्या बाळाला तीच दिली होती का हे त्या नंबरावरूनच कळेल. आणि चांगल्या परिचारिकेला या प्रश्नांचा राग येत नाही, ती कुपी आपणहून पुढे करते.