अपडेट चालू आहे, फोन बंद करू नका

(ब्रेल डिस्प्लेवर फिरणारी बोटं, अगदी जवळून)

हे डिचोलीतलं घर. काकांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यांचा मोबाइल खिशातच असतो. वाचणं-लिहिणं सगळं ब्लूटूथने जोडलेल्या या ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे पिना वर-खाली करून बोटाखाली ब्रेल उमटवणाऱ्या यंत्रावर.

आता बोटाखाली बघा, 'गोवा' उमटलंय. अक्षरं दोन, सेल, म्हणजे ठिपक्यांचे गट, मात्र चार लागले, कारण भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, ओकार आणि काना यांनाही आपापला सेल हवा. ग म्हणजे १, २, ४ आणि ५ हे ठिपके. वीज मिळाली की आतली पीझो पट्टी वाकते आणि एक पिन वर येते. प्रत्येक ठिपक्याला अशी एक पट्टी. यंत्र महाग पडतं ते या सेलांमुळे.

(टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके एकदम खाली बसतात)

काकांनी अपडेटची सूचना वाचली, 'रीस्टार्ट' दाबलं आणि ओळ सपाट झाली.

पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये आणतो तो स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर टॉकबॅक. पूर्वी ब्रेल डिस्प्लेसाठी ब्रेलबॅक हे वेगळं अ‍ॅप घालावं लागे. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून ती सोय टॉकबॅकमध्येच आली. चांगलंच झालं. पण स्क्रीन रीडर चालतो सिस्टीमच्या जिवावर. ती थांबली की तोही गप्प. डोळसांना पडद्यावर अपडेटची पट्टी सरकताना दिसते, अंधांना निदान आवाजाची वाट बघता येते. काकांच्या तळहातावर पुतण्या बोटाने लिहितो, 'थांबा'.

फोन मध्ये एकदा थरथरतो. काम झालं म्हणून की अडकलं म्हणून, ते कसं ओळखायचं? खरं तर थरथरणारी मोटर फोनमध्ये आहेच, नवीन काही बसवायला नको. अपडेट नीट चाललाय तोवर ठराविक अंतराने एक ठोका, बिघडला तर तीन. आणि किती वेळ लागेल ते सुरू होण्याआधीच ब्रेलमध्ये. एवढं करायला कंपन्यांना काय जड आहे?

उलट डिस्प्लेचंच सॉफ्टवेअर बदलायचं झालं, तर निरोप द्यायला पिनांवर भिस्तच ठेवता येत नाही.

अर्धवट राहिला अपडेट, तर फोन दुकानात आणि काकांचा बाहेरच्या जगाशी संपर्क बंद. म्हणून या घरात अपडेट रविवारीच होतो, पुतण्याला सुट्टी असते तेव्हा.