माणूस उठून गेल्यावर

वाचनालयाच्या टेबलावरचा हा संगणक दिवसभरात अनेकांच्या हातांखालून जातो. सकाळी एक विद्यार्थिनी त्यावर निबंध लिहिते, ती उठल्यावर एक गृहस्थ आपले बँकेचे खाते उघडतात, दुपारी एक मूल गणिताचा सराव करते आणि संध्याकाळी देखभाल करणारा कर्मचारी त्याच कळफलकावरून नवे सॉफ्टवेअर बसवतो. यंत्र एकच असले, तरी या चौघांना त्याने दिलेली मुभा सारखी असून चालत नाही. अशा प्रत्येक वेगळ्या मुभेला मोड म्हणतात. मोड बदलण्याची आठवण प्रत्येकाने ठेवावी असे म्हटले, तर सगळी सुरक्षितता सर्वांत विसराळू माणसावर अवलंबून राहते. म्हणूनच हा बदल यंत्राने आपणहून करावा, असा विचार पुढे आला.

सामायिक संगणकाचा प्रश्न वैयक्तिक संगणकाहून जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली प्रथम चालवून दाखवली. एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे असल्यामुळे प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवण्यासाठी तेथे पासवर्ड आले. पुढे १९६६ मध्ये याच प्रणालीवर एक विलक्षण घटना घडली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी एकाच सामायिक जागेत काम करत होते. एकाने लॉगिन करताना दिसणारा संदेश उघडला होता, तर दुसऱ्याने पासवर्डांची फाइल. संपादन करणारा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच नाव देत असे, त्यामुळे दोन्हींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. येथे कोणी घुसखोरी केली नव्हती. दोन माणसे एकाच जागेत वावरत होती आणि प्रोग्रॅम त्यांना एकच समजत होता, एवढेच कारण त्यामागे होते.

हा धडा युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये अधिक बारकाईने उतरलेला दिसतो. तेथे प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक पाहूनच कोणती फाइल उघडायची हे ठरते. मग सर्वांच्या पासवर्डांच्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी त्यासाठी अशी सोय केली की, पासवर्ड बदलणारा तो एक प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच वरचा अधिकार मिळतो आणि त्याचे काम संपताच तो आपोआप सुटतो. या कल्पनेचे पेटंट १९७९ मध्ये मिळाले. अधिकार माणसाला न देता त्या एका कामाला देणे, ही त्यातली खरी दृष्टी होती.

घरोघरी ही सोय बरीच नंतर पोहोचली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये पहिल्याचे काम बंद न करता दुसऱ्याला आपले खाते उघडता येऊ लागले, तर २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ ने टॅबलेटवर एकाहून अधिक वापरकर्त्यांची व्यवस्था आणली.

मोड बदलताना दिशा महत्त्वाची असते. अधिकार कमी करायचा असेल, तर तो संशयावरून आणि कोणालाही न विचारता कमी करावा. वाढवायचा असेल, तर मात्र पुरावा मागावा. टॅबलेटला समोरचा चेहरा ओळखता आला नाही, तर त्याने मुलांचा मोड किंवा पाहुण्याचा मोड उघडावा, पालकांचा कधीही नाही. प्रौढाला एकदा पासवर्ड टाकावा लागला, तर होणारा त्रास क्षणाचा असतो, पण उलट चूक झाल्यास तिची भरपाई होतेच असे नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. माणूस निघून गेला, हे यंत्राला कळणार कसे? काही मिनिटे कळ दाबली गेली नाही, तर कुलूप लावणे हा सर्वांत जुना उपाय आहे. पण वाचत बसलेला माणूस आणि उठून गेलेला माणूस यांतला फरक घड्याळाला कळत नाही. खिशातला फोन दूर गेल्याचे ब्लूटूथवरून ओळखणारी किंवा समोर कोणी आहे का हे पाहणारी साधनेही आली. रुग्णालयांतील अशा साधनांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कुलूप लागू नये म्हणून कर्मचारी त्या संवेदकांवर चक्क कप पालथे घालतात, अशी नोंद आहे. त्यांना बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे होईल. रुग्ण समोर असताना दर काही मिनिटांनी पासवर्ड मागणारी व्यवस्था कामाच्या आड येते, आणि आड येणाऱ्या गोष्टीतून माणसे वाट काढतातच. ओळखपत्र टेकवताच आपले काम जिथे थांबले होते तिथून, दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरही उघडावे, ही व्यवस्था त्यामानाने पुष्कळ सुसह्य आहे.

कुलूप लागले तरी मागे काय उरते, याकडे सहसा लक्ष जात नाही. कॉपी केलेला मजकूर, डाउनलोड झालेली फाइल, छपाईच्या रांगेतले पान, कळफलकाने शिकलेले शब्द, उघडे राहिलेले संकेतस्थळ, यांपैकी एक जरी राहिले, तरी मोड बदलला असे म्हणता येत नाही. म्हणून क्रोमबुक या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा पाहुण्यांसाठीचा मोड सगळे तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो आणि सत्र संपताच ते नाहीसे होते.

पण याच चोखपणामुळे त्या विद्यार्थिनीचा निबंधही नाहीसा होऊ शकतो. तिला आधी सूचना मिळायला हवी. संकेतस्थळे अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठी २००८ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार, वेळ संपण्यापूर्वी किमान २० सेकंद मिळावेत, एका साध्या कृतीने मुदत वाढवता यावी आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी, अशी एक तरतूद आहे. ती येथेही लावावी. सावकाश टंकलेखन करणारे आणि पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करणारे लोकही याच खुर्चीवर बसतात. दर नव्या माणसासाठी यंत्र मूळ स्थितीत जाते, तेव्हा मोठी अक्षरे आणि पडदा वाचून दाखवणारा आवाजही बंद होतात. त्यामुळे हे दोन्ही पर्याय ओळख पटण्याआधीच, लॉगिनच्या पहिल्या पडद्यावर असायला हवेत.